कधीही थांबवा, तिथूनच पुढे : डीडीरेस्क्यूबरोबर अकरा दिवस

रात्रीचे पावणेबारा वाजले होते. लॅपटॉपमधून काढून टेबलावर ठेवलेली हार्ड डिस्क हात लावला की चटका बसेल इतकी तापली होती. पडद्यावर आकडा ९७.८१ टक्क्यांवर रेंगाळत होता. थांबवायला मी कंट्रोल आणि सी दाबलं. काहीच झालं नाही. सहा-सात सेकंद पडदा तसाच. मग 'इंटरप्टेड बाय यूजर' अशी एक ओळ उमटली आणि प्रोग्रॅम थांबला. डिस्कची वायर काढली, तिला टेबलफॅनपुढे ठेवलं, शटर ओढलं आणि घरी गेले. सकाळी साडेनऊला आदल्या दिवशीचीच आज्ञा, एक अक्षरही न बदलता, परत दिली. काम ९७.८१ वरून पुढे सुरू झालं.

हे परीक्षण त्या प्रोग्रॅमचं आहे : जीएनयू डीडीरेस्क्यू. मरायला टेकलेल्या डिस्कमधून जेवढं निघेल तेवढं काढून दुसऱ्या डिस्कवर उतरवणं हे त्याचं काम. आंतोनियो दियाझ दियाझ हे त्याचे लेखक, २००४ पासून ते तो सांभाळत आलेत. फुकट आहे, मुक्त आहे. डेटा किती निघतो यावर त्याच्याबद्दल भरपूर लिहिलं गेलंय, पण मला लिहायचंय ते त्याला मध्येच थांबवण्याबद्दल. दिवसेंदिवस चालणाऱ्या प्रोग्रॅमला माणसाने 'थांब' म्हटल्यावर तो कसा वागतो, यावरून मी आता प्रत्येक साधन जोखते, आणि हे जोखणं मला यानेच शिकवलं.

मिरजेत माझं छोटं दुकान आहे. कॉम्प्युटर दुरुस्ती, जुन्या फोटोंचं आणि कॅसेटचं डिजिटल रूपांतर, आणि गेली सात वर्षं बिघडलेल्या डिस्कमधला डेटा काढून देणं. डिस्क उघडून आतलं हेड, म्हणजे वाचणारा भाग, बदलण्याची सोय माझ्याकडे नाही, त्यामुळे सॉफ्टवेअरने जमेल तेवढंच मी हातात घेते. डिस्क जोरात खडखडत असेल तर सरळ सांगते, हिला आता वीजसुद्धा देऊ नका, मोठ्या लॅबमध्ये पाठवा.

ही डिस्क सतारमेकर गल्लीतल्या एका काकांची. सतारीची जवारी लावून झाली, म्हणजे घोडी घासून नाद जमला, तारा जुळल्या, की गिऱ्हाईकाला देण्याआधी ती पाच-सात मिनिटं वाजवून घ्यायची आणि रेकॉर्ड करून ठेवायची, अशी त्यांची बारा वर्षांची सवय. कुठल्या वाद्याचा आवाज कसा होता, दोन वर्षांनी ते जवारीला परत आलं तर काय बदललं, हे कानाने पडताळायला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून तर हा साठा त्यांना जिवापेक्षा जास्त झालाय. सगळा एका ५०० जीबीच्या डिस्कवर, दुसरी प्रत नाही. लॅपटॉप एक दिवस सुरू होईना. एका दुकानात त्यांना 'फॉरमॅट मारावा लागेल' असं सांगितलं गेलं. नशीब, काका डिस्क उचलून माझ्याकडे आले.

डिस्कमध्ये एकूण सेक्टर ९७,६७,७३,१६८. सेक्टर म्हणजे डिस्कवरचा छोट्यात छोटा तुकडा, एकात ५१२ बाइट. निरोगी डिस्क असती तर दीड-दोन तासांचं काम. आजारी डिस्कचं तसं नसतं. एखादा खराब सेक्टर वाचायला गेलं की डिस्क स्वतःच पुन्हा पुन्हा प्रयत्न करत बसते, कधी काही सेकंद, कधी त्याहून जास्त, आणि शेवटी हात टेकते. असे सेक्टर हजारांनी असले की तासांचे दिवस होतात. आणि त्या दिवसांत तुम्हाला थांबावंच लागतं. डिस्क तापते. दुकान बंद करायचं असतं. वायर बदलून बघायची असते. लाईट जाते. म्हणजे अशा कामात थांबणं हा अपघात नाहीच, तो रोजचा व्यवहार आहे, आणि प्रोग्रॅम तसा लिहिलेला असला पाहिजे.

डीडीरेस्क्यू तसा लिहिलेला आहे. त्याचं मर्म एका लहानशा फाईलमध्ये आहे, तिला तो मॅपफाईल म्हणतो. पूर्वी तिला लॉगफाईल म्हणत, पण मॅप हेच नाव बरोबर, कारण तो डिस्कचा नकाशाच आहे. साधी मजकुराची फाईल, कुठल्याही एडिटरमध्ये उघडते. प्रत्येक ओळीत तीन गोष्टी : कुठून सुरू, किती लांब, आणि एक खूण. प्रश्नचिन्ह म्हणजे इथे अजून गेलोच नाही. चांदणी म्हणजे इथे अडखळलो, कडा तपासायच्या राहिल्यात. तिरकी रेघ म्हणजे कडा झाल्या, आतलं एकेक सेक्टर खरवडायचंय. उणे म्हणजे वाचून बघितलं, मिळालं नाही. अधिक म्हणजे हाती लागलं. बस्स, पाच खुणा. डिस्क कितीही मोठी असो, तिची सगळी कहाणी या पाच खुणांत मावते.

ही फाईल तो चालता चालता आपोआप लिहीत राहतो. साधारण दर ३० सेकंदांनी, आणि नकाशा मोठा झाला की थोड्या जास्त अंतराने, पण ५ मिनिटांच्या वर जात नाही. कंट्रोल-सी दाबलं की बाहेर पडण्याआधी एकदा आवर्जून लिहितो. आज्ञेत मॅपफाईलचं नाव देणं सक्तीचं नाही, आणि ही मला या प्रोग्रॅममधली सगळ्यात धोक्याची मोकळीक वाटते. नाव दिलं नाही तर काम होतं, पण थांबवल्यावर काय झालं नि काय राहिलं याची कुठे नोंदच नसते. नवशिक्याला मी पहिलं हेच सांगते : मॅपफाईलशिवाय एंटर दाबू नको.

आता ते सहा-सात सेकंद. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी घाबरून चार वेळा कंट्रोल-सी बडवलं होतं. मग दुसऱ्या खिडकीत टॉप, म्हणजे चालू प्रोग्रॅमांची यादी दाखवणारी आज्ञा, उघडून बघितलं, तर त्या प्रोसेसपुढे 'डी' हे अक्षर. म्हणजे प्रोग्रॅमने कर्नलला, ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याला, 'हा तुकडा वाचून दे' सांगितलंय, कर्नल डिस्कच्या तोंडाकडे बघत उभं आहे, आणि ते वाचन परत येईपर्यंत प्रोसेसला सहसा कुणी उठवू शकत नाही. तुमचा इशारा दाराशी पोचलेला असतो, पण दार आतून उघडल्याशिवाय तो आत जात नाही. त्या अवस्थेत किल मायनस नऊ, म्हणजे सक्तीने बंद करायची आज्ञा, मारलं तरी बहुतेक वेळा ते वाचन परतल्यावरच लागू होतं, आणि लागू झालं की नकाशा न लिहिता प्रोग्रॅम जागच्या जागी मरतो, कारण नऊ नंबरचा इशारा कुठल्याच प्रोग्रॅमला अडवता येत नाही. म्हणजे घाई करून वेळ तर वाचत नाहीच, वर शेवटच्या नोंदीनंतरचं काम नकाशावर चढायचं राहून जातं. म्हणून कंट्रोल-सी एकदा दाबायचं आणि हात मांडीवर ठेवायचे. ती ओळ येते. माझ्या अकरा दिवसांत मी त्याला तेवीस वेळा थांबवलं, तेवीसही वेळा ती ओळ आली.

या अकरा दिवसांत काका रोज संध्याकाळी चक्कर मारायचे. एकदा मी थांबवताना शेजारी उभे होते. "अर्धं सोडलं तर बिघडणार नाही ना ताई?" मी त्यांना नकाशा उघडून दाखवला. त्यांनी ओळी बघितल्या, खुणा विचारून घेतल्या, आणि म्हणाले, "आम्ही बी घोडीवर कानस दोनदा मारतो नि थांबतो. तार चढवून ऐकायचं, मग पुढं. एका दमात घासत सुटलं तर जवारी गेली म्हणून समजा." त्यानंतर त्यांनी काळजीने विचारायचं सोडलं. टक्के किती झाले एवढंच विचारायचे.

थांबवता येण्याचा खरा फायदा विश्रांतीपेक्षा मोठा आहे. थांबवून तुम्ही पद्धत बदलू शकता. मी पहिल्या दिवशी मायनस एन देऊन चालवला, म्हणजे खरवडायचं काम मागे ठेवून आधी सोपं ते सगळं उचल. अडीच तासांत ९७ टक्क्यांच्या वर गेला. हा क्रम फार शहाणपणाचा आहे : डिस्क कधी डोळे मिटेल सांगता येत नाही, तेव्हा चांगला भाग आधी पदरात. कॉपीच्या टप्प्यात तो पाच फेऱ्या करतो, एक पुढून, एक मागून, अशा दिशा बदलत, खराब जागा दिसली की उडी मारून पुढे जातो. मग कडा छाटणं, मग खरवडणं, मग सांगितलं असेल तर पुन्हा प्रयत्न. दुसऱ्या दिवशी थांबवून मी डिस्क यूएसबीच्या डबीतून काढली आणि थेट मदरबोर्डवर साटा केबलने जोडली. पुन्हा सुरू करताना मायनस डी दिलं, म्हणजे कर्नलच्या कॅशला, तात्पुरत्या साठ्याला, वळसा घालून थेट डिस्कवरून वाचायचं. पाचव्या दिवशी थांबवून मोठा आर दिला, म्हणजे उलट्या दिशेने. पुढून जाताना जिथे अडकत होता त्यातले काही तुकडे मागून येताना निघाले. दर वेळी नकाशा तोच, फक्त चालणाऱ्याची चाल वेगळी. एखादा प्रोग्रॅम 'पुन्हा सुरू' करायची सोय देतो तेव्हा बहुतेक वेळा त्याच सेटिंगने, त्याच क्रमाने पुढे जायची सोय देतो. इथे थांबा हा विचार करायला मिळालेला वेळ असतो.

माझी एक चूक इथे लिहून ठेवते, कारण ती पुष्कळजण करतात. या डिस्कच्या आधीचं काम होतं, एका फोटो स्टुडिओचं. मी लाइव्ह पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवलं होतं, प्रतिमा, म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फाईलमधली प्रत, बाहेरच्या डिस्कवर लिहीत होते आणि मॅपफाईल होम फोल्डरमध्ये. लाइव्ह लिनक्सचं होम फोल्डर असतं रॅममध्ये. नऊ तासांनी लाईट गेली, इन्व्हर्टरने हात वर केले, मशीन बंद. प्रतिमेची फाईल जागेवर होती, पण त्यातलं कुठलं खरं वाचलेलं आणि कुठलं नुसतं रिकामं हे सांगणारा कागदच गेला. सगळं पहिल्यापासून. डिस्कने दुसऱ्यांदा तेवढं दिलं नाही, लग्नाच्या दोन अल्बमचे फोटो कायमचे गेले. ते मी त्या माणसाला सांगितलं तेव्हाचा त्याचा चेहरा मला अजून आठवतो. तेव्हापासून मॅपफाईल प्रतिमेच्याच शेजारी, आणि रोज संध्याकाळी तिची एक तारीखवार प्रत पेन ड्राइव्हवर. फाईल काही केबींची असते, त्यात कंटाळा करू नये.

मॅपफाईल लिहायलाच जागा उरली नाही तर? हेही माझ्यावर आलं, डिस्क भरली होती. प्रोग्रॅम कोसळला नाही. त्याने विचारलं : अडचण दूर करून एंटर दाबा, नाहीतर ई दाबून तातडीची नोंद करून बाहेर पडा, नाहीतर क्यू दाबून सोडून द्या. मी दुसऱ्या खिडकीत जागा मोकळी केली, एंटर दाबलं, काम पुढे गेलं. कुणीतरी वीस वर्षं बसून अशी एकेक वेळ डोळ्यांपुढे आणली असल्याशिवाय हे सुचत नाही.

आता थोडं आतलं, कारण हे कळल्यावर माझा आदर दुणावला. कंट्रोल-सी दाबल्यावर प्रोग्रॅमकडे सिगइंट नावाचा इशारा येतो, क्रमांक २. प्रोग्रॅमने काही केलं नाही तर त्याचा तिथल्या तिथे शेवट. डीडीरेस्क्यू तो इशारा स्वतःकडे घेतो, पण त्या क्षणी काहीच करत नाही. 'अमुक इशारा आलाय' एवढी एक नोंद करतो आणि हातातलं काम चालू ठेवतो. तुकडा वाचून झाला की एकेक तुकडा वाचत फिरणारा त्याचा फेरा (लूप) ती नोंद बघतो, आणि मग व्यवस्थित बाहेरचा रस्ता धरतो. इशारा हाताळणाऱ्या कोडने तिथल्या तिथे फाईल लिहायला घेतली तर काय होईल? मुख्य काम त्याच क्षणी नेमकी तीच फाईल अर्धी लिहीत असू शकतं. म्हणून नोंद आत, काम बाहेर. टर्मिनल बंद झाल्यावर येणारा इशारा आणि सिस्टम बंद होताना येणारा सिगटर्म, दोन्हींना तो असंच वागवतो.

आणि सगळ्यात शेवटी, नकाशा लिहून झाल्यावर, तो जो इशारा आला होता तोच स्वतःवर पुन्हा मारून घेतो आणि त्याच इशाऱ्याने मरतो. हे का, ते मला बरेच दिवस कळत नव्हतं. मग एका संध्याकाळी कळलं. माझ्याकडे एक शेल स्क्रिप्ट आहे, आठ-दहा मेमरी कार्डं ओळीने कॉपी करणारी. त्यात मी आधी दुसरा एक कॉपी करणारा प्रोग्रॅम वापरत होते. कंट्रोल-सी दाबलं की तो सभ्यपणे आवरायचा आणि 'सगळं ठीक' असं सांगून बाहेर पडायचा. स्क्रिप्ट चालवणारं बॅश बघायचं, हा तर नीट संपला, आणि पुढचं कार्ड सुरू. मी परत कंट्रोल-सी, परत पुढचं कार्ड. दहा कार्डांना दहा वेळा. बॅशला 'माणसाने थांबवलं' हे कळतं ते आतला प्रोग्रॅम सिगइंटनेच मेला असेल तर. डीडीरेस्क्यू तसा मरतो, म्हणून एका कंट्रोल-सीमध्ये अख्खी स्क्रिप्ट थांबते. स्वतःचं आवरून झाल्यावर वरच्याला खरं कारण सांगून जाणं, ही शिस्त फार थोड्या प्रोग्रॅमांत मी बघितलीय.

यानंतर मला माझ्याच एका स्क्रिप्टची लाज वाटली. डिस्कची प्रतिमा निघाल्यावर तिच्यातल्या सगळ्या फाईली तपासायला, प्रत्येकीचा चेकसम (फाईल बदलली का हे कळायचा आकडा) काढायला आणि यादी करायला मी पायथनमध्ये एक फेरा लिहिला होता. काकांच्या डिस्कवर ४१ हजारांवर फाईली. फेऱ्याच्या आत मी चूक पकडणारी ओळ घातली होती : काहीही बिघडलं तरी 'फाईल खराब' अशी नोंद कर आणि पुढे जा. 'काहीही' म्हणजे खरंच काहीही. पायथनमध्ये कंट्रोल-सी दाबलं की कीबोर्डइंटरप्ट नावाचा अपवाद, म्हणजे चुकीसारखाच पकडता येणारा इशारा, उठतो, आणि माझी ती ओळ त्यालाही गिळत होती. मी थांबवायला तीन वेळा कंट्रोल-सी दाबलं आणि तीन धडधाकट रेकॉर्डिंग 'खराब' म्हणून यादीत गेली. शेवटी खिडकीच बंद केली, तर यादी फेऱ्याच्या शेवटी एकदाच लिहायची होती, ती गेली. पाच तासांचं काम.

यातली पहिली चूक पायथनने टाळायची सोय करून ठेवलीय. आवृत्ती २.५ पासून कीबोर्डइंटरप्ट हा साध्या 'एक्सेप्शन'च्या कुटुंबात ठेवलेलाच नाही, तो थेट बेसएक्सेप्शनखाली आहे. म्हणजे मी नुसतं उघडं 'एक्सेप्ट' न लिहिता 'एक्सेप्ट एक्सेप्शन' लिहिलं असतं, तर फाईलींच्या चुका पकडल्या गेल्या असत्या आणि माझा हुकूम सुटून वर गेला असता. एका शब्दाचा फरक.

मी ते स्क्रिप्ट डीडीरेस्क्यूकडे बघून पुन्हा लिहिलं. कंट्रोल-सी आलं की फक्त एक झेंडा वर. चालू फाईल पूर्ण होऊ द्यायची, मग झेंडा बघायचा. यादी दर २०० फाईलींनी लिहायची, आणि ती कधीही जुन्या फाईलवर थेट लिहायची नाही : शेजारी नव्या नावाने पूर्ण लिहायची, डिस्कवर उतरल्याची खात्री करायची, मग नाव बदलून जुनीच्या जागी ठेवायची. म्हणजे नेमकी त्याच क्षणी लाईट गेली तरी जुनी पूर्ण यादी किंवा नवी पूर्ण यादी, यातलं एक हातात राहतं, अर्धवट काही नाही. एक गोष्ट मी माझ्यापुरती वेगळी केली. पहिल्या कंट्रोल-सीला 'ही फाईल झाली की थांबते, आत्ताच सोडायचं तर पुन्हा दाबा' असं पडद्यावर येतं, आणि दुसऱ्यांदा दाबलं की ती खरंच तिथेच सुटते. एखादी दोन-अडीच जीबीची व्हिडिओ फाईल चालू असेल तर माणसाला कळायला हवं की ऐकलं गेलंय.

आणि डीडीरेस्क्यूबद्दल माझी पहिली तक्रार तीच आहे. कंट्रोल-सी दाबल्यावर, वाचन परत येईपर्यंत, तो काही बोलत नाही. बोलू शकणारही नाही, कारण तो कर्नलच्या दारात अडकलेला आहे, हे मला आता समजतं. पण मॅन्युअलच्या पहिल्या पानावर, ठळक अक्षरांत, 'आजारी डिस्कवर थांबायला वेळ लागतो, वाट बघा' एवढं हवं होतं. नवखा माणूस त्या शांततेला घाबरून वायर उपटतो.

दुसरी तक्रार गंभीर आहे. नकाशात डिस्कची ओळख नसते. कोणती आज्ञा दिली, कधी सुरू केलं हे वर लिहिलेलं असतं, पण ही कुठली डिस्क, तिचा सिरियल नंबर काय, हे नाही. थांबवून, वायर काढून, दुसऱ्या दिवशी परत जोडलं की लिनक्समध्ये काल 'एसडीबी' नाव मिळालेली डिस्क आज 'एसडीसी' असू शकते. तुम्ही कालचीच आज्ञा वरच्या बाणाने आणून एंटर दाबलं, तर भलत्याच डिस्कवरून वाचून कालच्या प्रतिमेतल्या रिकाम्या जागा भरल्या जातील, आणि प्रोग्रॅम हरकत घेणार नाही. त्याच्यात सुरू करण्याआधी विचारणारा 'आस्क' पर्याय आहे, तो मी आता कायम देते. शिवाय डिस्कचं नाव एसडीबी असं न देता 'डेव्ह-डिस्क-बाय-आयडी'मधलं लांबलचक नाव देते, त्यात मॉडेल आणि सिरियल नंबर दोन्ही असतात. पुन्हा सुरू करायच्या सोयीवर ज्याचा सगळा भर आहे, त्याने ही खातरजमा स्वतः करायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरं, यूएसबीची डबी मध्येच झोपली तर. सातव्या दिवशी, एका दुसऱ्या केबलच्या प्रयोगात, डिस्क सिस्टमवरून गायबच झाली. वाचन धडाधड अयशस्वी व्हायला लागलं आणि मी कंट्रोल-सी दाबेपर्यंत नकाशात खोट्या खुणांची रांग लागली होती. संध्याकाळची प्रत पेन ड्राइव्हवर होती म्हणून निभावलं. यावर उपाय त्यातच आहे, मोठा जे हा पर्याय : प्रत्येक चुकीनंतर शेवटचा चांगला सेक्टर परत वाचून बघतो, तोही आला नाही तर डिस्कच गेली असं समजून थांबतो. यूएसबीवर काम करणाऱ्याने हा विसरू नये.

नावाचा घोळही सांगून टाकते. डीडी-अंडरस्कोर-रेस्क्यू हा वेगळ्या माणसाचा वेगळा प्रोग्रॅम आहे. डेबियन आणि उबुंटूवर आपल्याला हवा तो 'जीडीडीरेस्क्यू' या नावाच्या पॅकेजमध्ये मिळतो, पुढे जी. आज्ञा मात्र जीशिवाय. खिडक्या-बटणांचं रूप नाही. नकाशा रंगीत चौकोनांत बघायचा असेल तर डीडीरेस्क्यूव्ह्यू नावाचं स्वतंत्र साधन आहे, काकांना तेच आवडलं.

दहाव्या दिवशी ९९.९९ च्या पुढे आकडा हलेना. पुन्हा-प्रयत्नाच्या टप्प्यात 'शेवटच्या यशस्वी वाचनाला किती वेळ झाला' हे सांगणारी एक ओळ असते, तिच्यावर माझी नजर होती. ती सहा तास झाली, मग चौदा, मग एकोणीस. अकराव्या दिवशी दुपारी मी शेवटचं कंट्रोल-सी दाबलं. न निघालेले सेक्टर १,४७२, म्हणजे ७,५३,६६४ बाइट, एका एमबीच्या आत. रेकॉर्डिंगपैकी तीन फाईलींना झळ लागली, त्यातली एक मध्येच करकरते आणि पुढे नीट वाजते. बाकी सगळी आली.

काकांना नवीन डिस्क दिली, दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर करून दिली, आणि जुनी डिस्क एका पाकिटात घालून बरोबर एक पेन ड्राइव्ह ठेवला. त्यात मॅपफाईल. त्यांनी विचारलं, हे कशाला?

"उरलेलं कुठे कुठे आहे त्याचा नकाशा आहे, काका. उद्या एखाद्या लॅबमध्ये हेड बदलून घेतलंत, तर त्यांना हा आणि ती प्रतिमा द्या. पहिल्यापासून वाचावं लागणार नाही."

"म्हणजे अजून पुढं चालू करता येईल?"

"येईल."

त्यांनी पाकीट कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि दुकानातल्याच स्पीकरवर २०१५ सालची एक फाईल लावायला सांगितली.